दिवसभराचं तिकीट आणि चार वाजताची शिट्टी

फेब्रुवारीत आमच्या ऑफिसची वार्षिक पार्टी एका वॉटर पार्कमध्ये होती. ऐरोलीहून चार बस निघाल्या. पावणेपाचला पार्कच्या फाटकाशी पोचलो, पण बस आत वळेनात, कारण आतून माणसांचा लोंढा बाहेर येत होता. ओले केस, खांद्यावर टॉवेल, प्लास्टिकच्या पिशवीत पिळून कोंबलेले कपडे. एक आजोबा नातवाचा दंड धरून त्याला ओढत आणत होते आणि तो मुलगा मान मागे करून उंच पिवळ्या स्लाईडकडे बघत होता. मला तेव्हा काही वाटलं नाही. पार्क बंद व्हायची वेळ झाली असेल, असं धरून मी चालले. त्या संध्याकाळी एकाही राईडला रांग नव्हती. त्याच पिवळ्या स्लाईडवरून मी आणि टीममधल्या मुली सात वेळा खाली आलो आणि दर वेळी ओरडलो. छान गेली संध्याकाळ.

मे महिन्यात मी फाटकाच्या दुसऱ्या बाजूला होते. पार्क वेगळं होतं. नाव घेत नाही, कारण प्रश्न त्या एका पार्कचा नाही.

नणंद चिपळूणहून दोन्ही मुलांना घेऊन आली होती. मुलांनी वर्षभर वाट बघितली होती. कळव्याहून निघून, बस बदलून पोचेपर्यंत अकरा वाजले. तिकिटाची रांग, पिशव्यांची तपासणी, घरून नेलेले लाडू बाहेर ठेवायला लावले ते दुःख, मग नायलॉनचे कॉश्च्युम भाड्याने, त्याचं डिपॉझिट, लॉकर, लॉकरचं डिपॉझिट. पाण्यात पाय पडला तेव्हा बारा वाजले होते. दीड ते अडीच जेवणात गेले, कारण जेवणालाही रांग होती. मोठ्या स्लाईडसाठी चाळीस मिनिटं उभे राहिलो. जिना निम्मा चढून झाला होता तेव्हा भोंग्यावरून आवाज आला: आज खाजगी कार्यक्रम असल्यामुळे सर्व राईड्स चार वाजता बंद होतील, पाहुण्यांनी सहकार्य करावं. तिकीट खिडकीवरच्या पाटीवर वेळ होती दहा ते सहा. चार वाजता लाईफगार्डने शिट्टी वाजवली आणि जिन्यावरची सगळी रांग खाली उतरवली.

मी सुरक्षारक्षकाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, वरून ऑर्डर आहे. आम्हालाही आजच कळलं." तो खरं बोलत असावा. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता आणि ज्याच्याशी भांडावं तो माणूस तिथे नव्हता. डिपॉझिट परत घ्यायला सगळा पार्क एकाच वेळी एकाच खिडकीवर लोटला, त्यात आणखी पाऊण तास गेला. नणंद म्हणाली, "वहिनी, जाऊ दे. पोरं पाण्यात खेळली ना?" तिकिटं, कॉश्च्युम, लॉकर, जेवण आणि जाण्यायेण्याचं भाडं धरून साडेसहा हजार झाले होते. ते तिने दिले होते, मला देऊ दिले नव्हते.

तेव्हा फेब्रुवारीतला तो मान मागे केलेला मुलगा आठवला.

या प्रश्नाकडे किरकोळ म्हणून बघितलं जातं. करमणुकीची तर बाब आहे, दोन तासांचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. म्हणून आधी हिशेब करू. दहा ते सहा म्हणजे आठ तास. चारला बंद केलं तर घड्याळाने पाव दिवस गेला. पण दहा वाजता पाण्यात कोणीच नसतं. आमच्यासारखं कुटुंब बाराला पाण्यात उतरतं आणि एक तास जेवतं. आम्हाला सहापर्यंत पाच तास मिळायचे होते, मिळाले तीन. म्हणजे पाचातले दोन गेले, आणि पैसे मात्र पाचांचे दिले. शिवाय सगळे तास सारखे नसतात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता राईडकडे जाणारी सिमेंटची वाट अनवाणी पायांना चटके देते. शाळांच्या सहली साडेतीनच्या सुमारास निघतात. तान्ही मुलं असलेली घरंही तेव्हाच आवरतात. ऊन कललेलं, रांगा निम्म्यावर आलेल्या, मुलांची सुरुवातीची भीती गेलेली. वॉटर पार्कमध्ये ज्याला मजा म्हणतात ती चार ते सहामध्येच असते. नेमके तेच दोन तास कंपन्यांना विकले जातात, कारण कंपन्यांनाही तेच हवे असतात.

चारलाच का बंद करतात हे मी नंतर आमच्या ॲडमिनमधल्या सहकाऱ्याकडून समजून घेतलं. कार्यक्रम सगळे तोच ठरवतो. त्याने शेवटापासून सुरुवात केली. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यानुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. म्हणजे डीजे दहाला बंद. भाषणं, बक्षिसं, जेवण आणि नाच यांना चार तास लागतात, म्हणजे कार्यक्रम सहाला सुरू झाला पाहिजे. त्याआधी स्टेज, साउंड, लाईट, केटररची टेबलं, पाण्याची आणि चेंजिंग रूमची सफाई. त्याला दोन तास. म्हणून चार. यात कोणाचा दुष्टपणा नाही. प्रत्येक पायरी समजण्यासारखी आहे. पण या सगळ्या पायऱ्या आठवडे आधी ठरलेल्या असतात. कंपनीने आगाऊ रक्कम भरलेली असते, बस सांगितलेल्या असतात, जेवणाच्या ताटांचा आकडा दिलेला असतो. फक्त सकाळी खिडकीवर पैसे मोजणाऱ्या माणसाला ते सांगितलेलं नसतं.

माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो मी अगदी नेमका मांडू इच्छिते. पार्कने कंपन्यांचे कार्यक्रम घेऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. एकच संध्याकाळ दोनदा विकू नये. सकाळी ती तिकीट घेणाऱ्याला विकली, 'दहा ते सहा' या पाटीसकट. तीच त्याआधी कधीतरी कंपनीलाही विकलेली होती. यातला एक व्यवहार लपवल्याशिवाय दुसरा पूर्ण भावाने होत नाही. चारला बंद होणार हे खिडकीवर लिहिलं असतं, तर आमच्यासारख्या कितीतरी जणांनी त्या दिवशी तिकीट घेतलंच नसतं, किंवा कमी भाव मागितला असता.

पार्कवाल्यांची बाजू मला दिसते. असे पार्क चालवणं सोपं नाही. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, केवढं कौतुक झालं त्याचं. पण कर्जाच्या ओझ्याखाली ते वाकलं आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाच्या हाती गेलं. पाणी गाळण्याची यंत्रणा गर्दी बघून चालत नाही. लाईफगार्ड मंगळवारीही तितकेच लागतात. दुरुस्ती, वीज, विमा, पगार हा खर्च बाराही महिने आणि कमाई सुट्ट्यांच्या थोड्या आठवड्यांत. अशा धंद्याला आडवारी मिळणारी कंपनीची ठोक रक्कम म्हणजे आधार असतो, आणि त्या आधारावरच बाकीच्या दिवसांची तिकिटं थोडी आवाक्यात राहत असतील, हेही मी मानते. तिथे काम करणाऱ्यांचे पगारही त्यातूनच निघतात.

पण मग पूर्ण दिवस द्यावा. गुरुवारी पार्क बंद, कंपनीचा कार्यक्रम, अशी पाटी आठ दिवस आधी लावावी. कोणी तक्रार करणार नाही. किंवा त्या दिवशीचं तिकीट 'चारपर्यंत' असं छापून स्वस्तात विकावं. काहींना ते बरंच पडेल, ज्यांना तसंही लवकर निघायचं असतं. मला विचाराल तर हा दुसरा मार्ग अधिक चांगला आहे, कारण त्यात कमी पैसे असलेल्या घरालाही एक दिवस मिळतो. हे दोन्ही सरळ मार्ग असताना तिसरा, म्हणजे न सांगता चारला शिट्टी वाजवण्याचा, निवडला जातो तो गरजेपोटी नव्हे. न सांगण्यात फायदा आहे आणि त्याची किंमत कोणी मागत नाही, म्हणून.

आगाऊ सांगणं ही काही अवघड गोष्ट नाही, हे ठाण्याच्या माणसाला तरी पटवून द्यावं लागू नये. दर रविवारचा मेगाब्लॉक आपण वर्षानुवर्षं सोसतो. कुठल्या स्टेशनपासून कुठल्या स्टेशनपर्यंत, किती वाजून किती मिनिटांपासून, ट्रान्सहार्बरवर गाड्या आहेत की नाहीत, सगळं आदल्या दिवशीच्या पेपरात असतं. आपण रेल्वेला नावं ठेवतो, पण लग्नाला निघायची वेळ त्या चौकटीतल्या बातमीवरून ठरवतो. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा वाहतुकीतले बदल आधी जाहीर झाले होते. नेरुळ-जुईनगरच्या लोकांना त्रास झाला असेल, पण तो अचानक अंगावर कोसळला नाही. गडकरी रंगायतनमध्ये किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात दुसरा अंक चालू असताना व्यवस्थापक स्टेजवर येऊन म्हणाला, की पुढची वेळ एका कंपनीने घेतली आहे, प्रेक्षकांनी सहकार्य करावं, तर काय होईल? प्रेक्षक खुर्च्या सोडणार नाहीत. पार्कमध्ये मात्र आपण मुकाट्याने जिना उतरतो, कारण करमणुकीला आपण हक्काची गोष्ट मानत नाही. नाटकाला मानतो, पोहण्याला नाही.

बाहेर हे कसं करतात तेही बघण्यासारखं आहे. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनच्या हंगामात ठरावीक संध्याकाळी वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी दिवसाच्या पाहुण्यांना सहा वाजता निघावं लागतं. या तारखा कित्येक महिने आधी जाहीर होतात आणि त्या दिवशी बंद व्हायची वेळ काय, हे दिनदर्शिकेत दिसतं. तिकिटाचा भावही तारखेनुसार बदलतो. त्यामुळे अनेक जण ठरवून तेच दिवस निवडतात, कारण लोक कमी असतात. टोकियोच्या डिस्नेलँडमध्येही कंपन्यांसाठी संध्याकाळ राखून ठेवतात आणि पार्क लवकर बंद होणार ते आधी सांगतात. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. आधी तिकीट काढलं आणि मग वेळ बदलली, अशा तक्रारी तिथेही होतात. पण वाद होतो तो किती दिवस आधी सांगितलं यावर. आपल्याकडे सांगायचं की नाही, इथूनच सुरुवात आहे.

'तिकिटामागे लिहिलेलं असतं' हे उत्तर मला त्या दिवशी मिळालं. खरंच होतं. व्यवस्थापनाला कोणतीही राईड वा वेळ कधीही बदलण्याचा अधिकार राखून ठेवला आहे, असं मुंगीएवढ्या अक्षरात होतं. पाऊस आला, वीज गेली, यंत्र बिघडलं, कोणाला इजा झाली, तर हा अधिकार हवाच. सुरक्षेसाठी राईड थांबवणाऱ्या माणसाचे मी आभार मानेन. पण आठवडे आधी पैसे घेऊन ठरवलेला कार्यक्रम हे संकट नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणं याचा उल्लेख स्पष्टपणे केलेला आहे. मी वकील नाही, पण साधं मराठी मला कळतं. दहा ते सहाची पाटी तशीच ठेवून चारची वेळ मनात ठेवणं याला दडवणंच म्हणतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पार्क कुठेही असो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक तर फोनवरच आहे. एवढं असूनही साडेसहा हजारांसाठी कोण तारखा घेत बसणार? चिपळूणची माणसं तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेली. नुकसान प्रत्येकाचं थोडं थोडं असतं, म्हणून ते कोणीच वसूल करत नाही. आणि नेमकं म्हणूनच हे काम एकेका ग्राहकावर सोडता कामा नये, नियमच हवा.

आणखी एक गोष्ट मला बोलून दाखवायची आहे. यात सगळ्यांचं नुकसान सारखं नसतं. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणारं कुटुंब पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ शकतं. त्याच्याकडे गाडी आहे, सुट्टी आहे, कदाचित वर्षाचा पासही आहे. मुरबाड, शहापूर किंवा थेट कोकणातून येणाऱ्या घराचा हा वर्षातला एकच दिवस असतो. त्यासाठी कोणीतरी ओव्हरटाईम केलेला असतो, कोणीतरी भिशीची रक्कम काढलेली असते. ज्याच्याकडे दुसरी संधी नाही त्याचेच दोन तास काढून ज्यांना कंपनी फुकट नेते त्यांना द्यायचे, हा व्यवहार मला आतून खटकतो. मी त्या फुकट नेलेल्यांपैकी आहे, म्हणून जास्तच खटकतो.

२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा पार्कच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता. हा चैनीचा धंदा नाही, कुटुंबांनी, मुलांनी येण्याची जागा आहे, हे या उद्योगाचं म्हणणं होतं, आणि जानेवारी २०१८ मध्ये कर १८ टक्क्यांवर आला. योग्यच झालं. पण कर कमी करून घेताना ज्या कुटुंबांचं नाव घेतलं, त्यांनाच चार वाजता शिट्टी वाजवून बाहेर काढायचं असेल, तर ते नाव कशासाठी घेतलं?

खाजगी पार्कची ही गोष्ट मी इतकी लावून धरते आहे याचं कारण आपल्या शहरांत मोकळी जागाच उरलेली नाही. कळव्यात मुलांना कुठे खेळायला नेऊ, हा प्रश्न मला रोज पडतो. तलावपाळीला एक फेरी होते, उपवनला जाऊन बसता येतं, की संपलं. म्हणून महापालिकांच्या मोठ्या उद्यानांकडे माझी आशा लागलेली असते. नेरुळचं वंडर्स पार्क आहे, ठाण्यात कोलशेतला २०२४ मध्ये सुरू झालेलं वीस एकरांहून मोठं सेंट्रल पार्क आहे. तिथे असे कार्यक्रम होतात असं मी म्हणत नाही. पण अशी उद्यानं चालवायला ठेकेदार नेमले जातात, उत्पन्न वाढवण्याची गरज सांगितली जाते आणि मग एखादी संध्याकाळ भाड्याने द्यायला किती वेळ लागतो? करारात आत्ताच लिहून ठेवलं पाहिजे की सार्वजनिक जमिनीवरचं उद्यान लोकांच्या वेळेत खाजगी कार्यक्रमासाठी बंद होणार नाही. एकदा पायंडा पडला की काढणं कठीण. सार्वजनिक मैदानांचं काय झालं ते आपण बघितलं आहे. लग्नाचा मांडव, महोत्सवाचा मांडव, आणि मुलं कडेला उभी.

खाजगी पार्कसाठी मी मोठं काही मागत नाही. कार्यक्रम नक्की झाला त्याच दिवशी बंद होण्याची बदललेली वेळ तिकीट खिडकीवर आणि ऑनलाईन तिकिटाच्या पानावर, भावाच्या शेजारी, भावाएवढ्याच मोठ्या अक्षरात. त्या दिवशीचं तिकीट कमी दराचं. आणि ज्याने बदल जाहीर होण्याआधी तिकीट काढलं असेल त्याला पैसे परत किंवा दुसऱ्या दिवसाचा प्रवेश, जे तो मागेल ते. चिपळूणच्या माणसाला 'पुन्हा या'चं कुपन देऊन उपयोग नाही.

कंपन्यांचाही यात वाटा आहे. आमच्या ॲडमिनच्या सहकाऱ्याला मी विचारलं, तू कार्यक्रम ठरवताना कधी पार्कला विचारलंस का, की त्या दिवशी आलेल्या लोकांना काय सांगणार? तो गप्प झाला. म्हणाला, "खरं सांगू? हा प्रश्न कोणी कधी विचारलाच नाही." जेवणात शाकाहारी किती, जैन किती, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, हे सगळं त्याच्या यादीत होतं. हे नव्हतं. आता त्याने ते यादीत घातलं आहे. वागळे इस्टेट, महापे, ऐरोली या पट्ट्यातल्या कंपन्यांनी हा एक प्रश्न कोटेशन मागतानाच विचारला, तर पार्कवाले आपोआप पाटी लावतील. गिऱ्हाईक मोठं असलं की ऐकलं जातं.

दिवाळीच्या सुट्टीत नणंदेची मुलं पुन्हा यायची आहेत. या वेळी मी आधी फोन केला. पार्क तेच, मे महिन्यातलं. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून अगदी तरुण. मी विचारलं, भाऊबीजेनंतरच्या मंगळवारी पार्क किती वाजता बंद होणार? ती म्हणाली, "सहाला, मॅडम." मी म्हटलं, कंपनीचा कार्यक्रम वगैरे काही आहे का, ते बघून सांग. कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हो, मंगळवारी आहे मॅडम, चारला बंद. बुधवारी या, बुधवारी काही नाही."